इंग्रज म्हाताऱ्यानं जमवलेली सोयरीक

मु. पो. कळस, ता. इंदापूर
शनिवार, २७ डिसेंबर १९९७

श्रीयुत रामराव यांना दादासोचा कळसहून रामराम पोचावा.

आम्ही सगळे इकडे धडधाकट आहोत. तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो, कारण तब्येतीची सविस्तर चौकशी करायला आज माझ्याकडे धीर नाही. छकुलीचा खोकला गेला का, एवढं मात्र उलट टपाली कळवा. (गेला नसल्यास लीला अडुळशाचा पाला पाठवणार आहे. मी गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर असल्यामुळं माणसांच्या खोकल्यावर मत देऊ नये, असा तुमच्या बहिणीचा दंडक आहे. म्हणून मी गप्प बसतो.) तर मुद्दा असा, की आपल्या योगिनीचं लग्न ठरलं. परवा गुरुवारी, नाताळच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, आपल्या बैठकीच्या खोलीत ठरलं. आणि ते ना माझ्यामुळं ठरलं, ना पोरीच्या पत्रिकेमुळं. तुम्ही भाऊबिजेला लीलाला जो व्हीसीआर घातला आणि त्याच्याबरोबर योगिनीला सराव व्हावा म्हणून जी इंग्रजी पिक्चरची कॅसेट दिली, तिच्यामुळं ठरलं. दोन दिवस झाले, मी भेटेल त्याला हे सांगतोय. काल एक माणूस म्हशीचा खूर दाखवायला आला होता. त्याला अर्धा तास उभं करून सगळी हकिगत सांगितली, आणि तो गेल्यावर लक्षात आलं की खूर बघायचं राहिलंच.

आता क्रमानं सांगतो. बावड्याचे बापूसाहेब तुम्ही ऐकून असाल. बारा एकर ऊस, शिवाय डाळिंबाची बाग, आणि सोसायटीचं चेअरमनपद अकरा वर्षं सांभाळलेलं. माणूस अंगानं भरदार, मिशी पांढरी, आणि बोलणं असं की आपण समोर बसलो असलो तरी ते मागच्या रांगेशी बोलतायत असं वाटावं. त्यांचा एकुलता एक मुलगा मानसिंग. पुण्यात शिकून इंजिनियर झाला, आता पाटबंधारे खात्यात, नेमणूक इंदापूरला. स्थळ म्हणाल तर हातचं घालवू नये असं. फक्त बापूसाहेबांचा एक निरोप आधीच आला होता. मुलगी शिकलेली पाहिजे, पण शिकणारी नको. म्हणजे योगिनीनं बारामतीचं बी. एड. सोडायचं, फाल्गुनात लग्न करायचं आणि नोकरीचा विषय काढायचा नाही. सून घरात दिसली पाहिजे, असे त्यांचे शब्द.

रामराव, तुमच्यापाशी लपवत नाही. मी दवाखान्याच्या फोनवरून 'हो' म्हणून टाकलं होतं. पोरीला विचारलं नाही. रोज पहाटे उठून डबा घेऊन बारामतीची एसटी पकडणाऱ्या पोरीला काय तोंडानं विचारणार, म्हणून पाहुणे येऊन गेल्यावर सांगू असं ठरवलं होतं. पण लीलाच्या पोटात ते राहिलं नाही. गुरुवारी सकाळी तिनं योगिनीला सांगितलं. पोरगी रडली नाही, भांडली नाही. तिनं डोकं विंचरलं, निळी साडी नेसली आणि न्याहारीचं ताट तसंच झाकून ठेवलं. एकदाच माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, मला मेंढरासारखं वजनावर द्यायचं ठरलं का?" माझ्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, मी जन्मभर मेंढरांना औषधं पाजली, पण मेंढराच्या नजरेला नजर देता येत नाही असं मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं. (हे वाचून तुम्ही माझ्यावर रागावू नका. पुढं सगळं चांगलंच झालं आहे.)

दहा वाजता जीप आली. बापूसाहेब, त्यांच्या मंडळी कुशाबाई आणि मानसिंग. मुलाला नाताळची सुट्टी होती म्हणून हा दिवस धरला. आता इथं आमची पहिली फजिती. लीलानं कांदेपोहे केलेले, आणि कुशाबाईंचा मार्गशीर्षातला गुरुवार. उपास लीलाचाही होता, पण पाहुण्यांच्या गडबडीत पाहुणीलाही उपास असेल हे तिच्या ध्यानात आलं नाही. मग घाईघाईनं साबुदाणा शोधायला सुरुवात झाली, तो भिजलेला नाही, म्हणून राजगिऱ्याचे लाडू शेजारून आले. तोवर बापूसाहेबांनी सभेचं कामकाज सुरू केलं होतं. योगिनी समोर बसली. नाव काय, शिक्षण काय, हे विचारून झाल्यावर ते म्हणाले, "बी. ए. इंग्रजी घिऊन केलंय म्हनं. मंग इंग्रजी वाचून दावा." घरात इंग्रजी वाचायला काय असणार. मी धावत जाऊन कपाटातली मेंढ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली आणली. योगिनीनं लेबल घडाघडा वाचलं आणि किती किलोला किती औषध पाजायचं तेही मराठीत सांगितलं. बापूसाहेबांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, "ही बाटली तुमच्या घरातलीच हाय. पाठ असंल."

आणि इथं मला ते सुचलं, रामराव. म्हटलं, इंग्रजी पिक्चर लावू. माणसं इंग्रजीत बोलतील आणि पोरगी लगेच मराठीत सांगेल, म्हणजे पाठांतराचा संशय नको. (मी हे म्हणेपर्यंत लीला कॅसेट पदरानं पुसत दारात उभीच होती. बायकांना कधी कधी आपल्या मनातलं आधी कळतं.) मी स्वतः तो पिक्चर दिवाळीत पाव तास बघून झोपलो होतो, त्यामुळं गोष्ट मलाही नवीच होती. योगिनीनं मात्र सरावासाठी दोनदा बघितला होता. बापूसाहेब खूश झाले. मुलाकडं बघून म्हणाले, "तुला कळतंय का रं इंग्रजी पिक्चर?" मानसिंग खाली मान घालून म्हणाला, "थोडंफार." बापूसाहेब मला म्हणाले, "त्येचं इंग्रजी नकाशापुरतं हाय. पोरीलाच सांगू द्या."

खिडक्या लावल्या, दाराला चादर लावली. मी कॅसेट मागं फिरवायच्या ऐवजी पुढं फिरवली, त्यामुळं सुरुवातीलाच शेवटची नावं आली आणि कुशाबाई उठायला लागल्या. ते निस्तरलं तर पडद्यावर आडव्या रेघा. मी टीव्हीच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या, गाभण म्हशीला मारतो तितक्याच बेतानं, तेव्हा चित्र स्थिर झालं. नाव आलं, नावाच्या शेवटी दोनचा आकडा. बापूसाहेबांनी हात वर केला. म्हणाले, "थांबवा. हा दुसरा भाग हाय. पयल्या सभंचं प्रोसिडिंग वाचल्याबिगर दुसरी सभा चालू व्हत न्हाय." मुद्दा बिनतोड होता. पहिला भाग आमच्यात कुणीच बघितलेला नाही. मी गांगरलो. पण योगिनी शांतपणे म्हणाली, की पहिल्या भागात काय झालं ते सुरुवातीलाच इंग्रजीत सांगतात. यात एक सासरे आहेत. त्यांनी पहिल्या भागात सुनेचं मास्तरकीचं शिक्षण सोडायला लावलं, त्यामुळं घराची पार रया गेली, आणि आता दुसऱ्या भागात त्यांना पस्तावा झाला आहे. बापूसाहेबांनी जरा वेळ मिशीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "मंजूर. पुढं."

तर पिक्चर असा. इंग्रजांचा सण नाताळ. घराबाहेर कमरेएवढं बर्फ पडलंय, घरात एक झाड आणून उभं केलंय आणि त्याला दिवे लावलेत. घरात म्हातारा सासरा, त्याचा काटकुळा मुलगा, पिवळा कोट घातलेली सून, दोन नातवंडं आणि एक केसाळ कुत्रं. (कुत्र्याला डाव्या कानाला खरूज होती. त्याकडं घरात कुणाचं लक्ष नव्हतं.) म्हातारा तर हुबेहूब बापूसाहेब. तसंच पोट, तशीच मिशी, तसंच घर दणाणून सोडणं. हे माझ्या लक्षात आलं तसं त्यांच्याही आलं असावं, कारण ते पाठ सरळ करून बसले. सुनेची शेवटची परीक्षा नेमकी नाताळच्या दिवशी असते. बापूसाहेबांनी लगेच हरकत घेतली, की सुट्टीच्या दिवशी परीक्षा कशी. योगिनी क्षणभर थांबली. तेवढ्यात मानसिंग पहिल्यांदाच आपण होऊन बोलला. म्हणाला, "त्यांच्याकडं बर्फामुळं पेपर पुढं ढकलतात, आबा." हरकत मागं घेण्यात आली.

पुढं सून कोट घालून बाहेर निघते आणि म्हातारा तिच्यावर असा काही ओरडतो की नातवंडं टेबलाखाली जातात. मला वाटलं, झालं, हा तिला अडवतोय. पण तुमच्या भाचीनं सांगितलं, तो म्हणतोय, सूनबाई, तू स्वयंपाकघरात वेळ का घालवतेस, स्वयंपाक मी बघतो, तू पेपराला जा. बापूसाहेब म्हणाले, "येवढ्या रागानं?" मानसिंग म्हणाला, "मायेनं बोलताना त्यांचा आवाज चढतो." मग म्हातारा गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवतो. का, तर मुलानं गाडी घेऊन जाऊ नये, ती सुनेसाठी राहावी. म्हातारा खरोखरच स्वयंपाकघरात शिरतो आणि एक भलंमोठं काहीतरी मसाला भरून भट्टीत घालतो. कुशाबाईंनी पदर नाकाला लावून विचारलं, ते काय आहे. योगिनी म्हणाली, भरला भोपळा. आता रामराव, मी गुरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढली. त्या भोपळ्याला दोन तंगड्या होत्या आणि तो टर्की जातीचा होता. पण गुरुवार होता, बाईचा उपास होता, म्हणून मी बोललो नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये पोरीनं एवढी एकच थाप मारली, आणि तीही दुसऱ्याच्या उपासाच्या मानासाठी. मला तिचं कौतुक वाटलं.

सुरुवातीला बापूसाहेबांना तो म्हातारा पसंत नव्हता. सुनेला बाहेर घालवून स्वतः भोपळा भाजणारा माणूस त्यांच्या हिशेबी बावळट होता. पण जसजसं त्याचं एकेक बोलणं योगिनी सांगत गेली, तसतसे ते पुढं सरकत गेले. एका जागी म्हातारा मुलाला चांगला झापतो. तिथं योगिनीनं सांगितलं, तो म्हणतोय, अरे, घर चार भिंतींनी उभं राहत नाही, सून सुखी असली तर राहतं. बापूसाहेबांनी मान हलवली. मानसिंगकडं वळून म्हणाले, "आसंच म्हनला का त्यो?" मानसिंग म्हणाला, "याच्यापेक्षा कडक म्हणाला. मराठीत तेवढं येत नाही."

आणि मग तो छपराचा प्रसंग आला. बर्फ पडतंय, वारा सुटलाय आणि म्हातारा एकटा शिडी लावून छपरावर चढतो. बापूसाहेबांना राहवलं नाही. कशाला चढला, म्हणाले. योगिनीनं पडद्यावरची नजर काढली नाही. ती म्हणाली, "सुनेची गाडी बर्फात अडकली तर नाही, ती पेपराला पोचली का, हे त्याला वरून बघायचंय." तोच म्हाताऱ्याचा पाय सरकला. तो कौलावरून घसरत आला, पन्हळीला लोंबकळला, पन्हळ तुटली आणि तो धाडकन बर्फात. पिक्चरमध्ये मागं माणसं हसत होती, पण आपल्या खोलीत कुणी हसलं नाही. बापूसाहेब उभे राहिले होते. त्यांचे डोळे भरले होते, रामराव. अकरा वर्षं चेअरमन राहिलेल्या माणसाचे. ते म्हणाले, "ह्या वयात छपरावर चढला. सुनंसाठी." आणि त्याच क्षणाला लाइट गेली.

आता लाइट जाणं आपल्याकडं नवीन नाही, पण अशा ठिकाणी जावी हे बरं नव्हे. साडेबारा वाजले होते. पाहुण्यांनी जेवून दोनपर्यंत निघायचं असं ठरलं होतं. पण बापूसाहेब म्हणाले, ती बाई पेपराला पोचली का नाही हे कळल्याशिवाय मी बावड्याला जाणार नाही. मी त्यांना म्हटलं, गोष्टच आहे, पोचली असेल. तर ते माझ्यावर उखडले. "आसंल म्हंजी? म्हातारा बर्फात पडलाय, गाडीचा पत्ता न्हाय, आन् तुमी आसंल म्हनता?" मग ते ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले. दर पाच मिनिटांनी आत येऊन बटन दाबून बघायचे. जेवायला बसले, पण लक्ष नव्हतं. लीलानं शेंगोळी केली होती, ती चार वाट्या खाल्ली आणि नंतर विचारलं की काय होतं. (उपासवाल्यांसाठी तोवर साबुदाणा भिजला होता.) एवढ्यात कुशाबाईंनी सुचवलं, की लाइट येईपर्यंत मुलामुलीला पाच मिनिटं बोलू द्यावं. दोघं मागच्या शेवग्याच्या झाडाखाली उभे राहिले. पाच मिनिटांची पंचवीस झाली. काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण योगिनी परत आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि सकाळचं झाकलेलं ताट काढून सगळं जेवली. लीलानं मला खुणेनं ते दाखवलं. मला बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

अडीचला लाइट आली. बापूसाहेब सगळ्यांच्या आधी जागेवर. आता मात्र मानसिंगची कळी खुलली होती. योगिनी एक वाक्य सांगायची, तो त्यात अर्ध्या वाक्याची भर घालायचा. मला वाटतं, अंधारात बसून बसून त्याला इंग्रजी कळायला लागलं असावं. म्हातारा लंगडत घरात येतो, भोपळा जळलेला असतो, झाडाला कुत्र्याचा धक्का लागून ते पडद्यावर पडतं, पडदा पेटतो, काटकुळा मुलगा त्याच्यावर सरबताचं पातेलं ओततो. एवढ्यात दारात बर्फ लोटायचा मोठा ट्रॅक्टर येऊन उभा राहतो आणि त्यातून पिवळ्या कोटातली सून उतरते. तिच्याबरोबर एक करारी म्हातारी बाई. म्हातारी आणि म्हातारा समोरासमोर उभे. आणि मग दोघं एकमेकांना कडकडून मिठी मारतात.

कुशाबाईंनी विचारलं, ही बाई कोण. योगिनी म्हणाली, "या हेडमास्तरीणबाई. सून पहिल्या वर्गात पास झाली आणि तिला यांच्याच शाळेत नोकरी लागली, हे सांगायला स्वतः आल्यात." कुशाबाई म्हणाल्या, "मंग म्हातारा हेडमास्तरनीला मिठी का मारतुया?" मलाही तो प्रश्न पडलाच होता. मानसिंग म्हणाला, "आई, त्यांच्यात नमस्काराच्या जागी मिठी असते." पुढं ती दोघं हातात हात घालून नाचलीही, पण तो नमस्काराचाच पुढचा प्रकार असावा असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

पिक्चर संपला. मी खिडक्या उघडल्या. बापूसाहेबांनी डोळे पुसले. मग मला म्हणाले, "दादासो, पोरीची परीक्षा कवा हाय?" मी भीतभीत म्हटलं, एप्रिलात. पण आपलं फोनवर ठरलंय, त्याला मी बांधलेला आहे. तर त्यांनी हातानं मला थांबवलं आणि खुर्चीवर सरसावून बसले, जशी समोर दोनशे सभासदांची सभा आहे. "ठराव लिवून घ्या. फाल्गुनातलं लग्न रद. परीक्षा झाल्यावर, मे म्हैन्यात. नोकरी लागली तर तिनं ती करावी, आमची हरकत न्हाय. इंग्रजाच्या म्हाताऱ्याला जमतं ते मला जमत न्हाय, आसं हुयाचं न्हाय." मग सूचक मी, अनुमोदक मानसिंग, आणि ठराव एकमतानं मंजूर. योगिनी पाया पडायला वाकली तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली वाकून हळूच विचारलं, म्हाताऱ्याचं कंबरडं बरं झालं असेल ना. ती म्हणाली, हो, आबा. तिनं त्यांना आबा म्हटलं, तेव्हा मला उगीचच टीव्हीची वायर नीट करायला उठावं लागलं.

पौष संपला की साखरपुडा. वसंत पंचमी, एक फेब्रुवारी, रविवार, आपल्या इथंच. तुम्ही आदल्या दिवशी सहकुटुंब यायचं आहे, दांडी चालणार नाही. बाकी, या पिक्चरनं माझ्याही डोक्यात उजेड पडला आहे. आपण उगीच इंग्रजांना नावं ठेवतो. एवढा मोठ्या मनाचा सासरा मी आपल्या पाहुण्यारावळ्यांत कुठं बघितला नाही. काल संध्याकाळी मी लीलाला बाजूला सारून दोन भाकरी थापल्या. एक इंदापूर तालुक्याच्या नकाशासारखी झाली, दुसरी तव्यालाच राहिली. पण सुरुवात झाली आहे.

आपला,
दादासो

ता. क. एक महत्त्वाचं राहिलं. बापूसाहेबांनी जाताना बजावून सांगितलंय, की त्या पिक्चरचा पहिला भाग काहीही करून मिळवा. तो म्हातारा आधी कसा होता आणि त्याचं मन कशानं पालटलं, हे त्यांना बघायचं आहे. साखरपुड्याला सगळे पाहुणे जमल्यावर तो लावायचा असं त्यांनी ठरवलंय. तेव्हा पुण्यात जिथं मिळेल तिथून आणा. हे पत्र योगिनीच्या हातीच बारामतीला टाकायला देतोय, म्हणजे लवकर पोचेल.

ता. क. दुसरा. (अक्षर बारीक आहे, मामा. मी योगिनी. एसटीत बसून लिहितेय, बाबांना यातलं काही कळवू नका.)

मामा, पहिला भाग कृपा करून आणू नका. पुण्यात तो मिळत नाही, असं बाबांना कळवा. दुसऱ्या भागात सुनेची परीक्षा नाही, शाळा नाही, हेडमास्तरीणबाईही नाहीत. सून नाताळला तिच्या आईला घरी आणायला निघालेली असते आणि सासरा तिला अडवत असतो. म्हणून तो ओरडतो, म्हणून किल्ली लपवतो, आणि छपरावर चढतो तो टेलिफोनची तार तोडायला, म्हणजे तिच्या आईचा फोन येऊ नये. शेवटी येते ती विहीण. त्यांची भांडणं पहिल्या भागात झाली आहेत. पहिल्या भागाचं हे मला कुणी सांगितलं, तर मानसिंगनी. त्यांनी दोन्ही भाग पुण्याला होस्टेलवर असताना बघितलेत. शेवग्याखाली उभं राहिल्यावर ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? म्हणाले, "खरा पिक्चर एवढा चांगला नव्हता." मला पळून जावंसं वाटलं. मग ते म्हणाले, पेपरापर्यंत तुम्ही आणलंय, आता पास करायचं आपण दोघं मिळून बघू. त्यानंतर मला भूक लागली.

पिक्चर लावायचं बाबांना सुचलं नाही, आईला सुचलं. दिवाळीत मी तिला खरी गोष्ट वाक्यावाक्याला सांगितली होती. सगळं होईपर्यंत ती दारात बसून होती आणि एकदाही हसली नाही.

आता तुमच्याकडं खरं मागणं. निघताना कुशाबाईंनी मला कुंकू लावायला आत बोलावलं. कुंकू लावलं, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला इंग्रजी येत न्हाय, पर सासरा कवा कावतो ते मला भाषेबिगर कळतं. पोरी, त्या म्हाताऱ्याच्या तोंडून आजून येक वाक्य काढायचं व्हतंस. माझं माहेर डाळज. चार वर्सं झाली, ह्यांनी नागपंचमीला धाडलं न्हाय."

तेव्हा मामा, साखरपुड्याला येताना दुसरा कुठलाही इंग्रजी पिक्चर आणा. नाताळचा नसला तरी चालेल. फक्त त्यात एक म्हातारा असावा, आणि तो भरपूर बोलणारा असावा.